‘ह्यूमनाइझ’ला मराठीत एकच शब्द मागणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या भाषांतराच्या ऑफिसात सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ह्यूमनाइझ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? हॉस्पिटलवाले विचारतात, औषधांच्या ट्रायलवाले विचारतात, संस्थावाले विचारतात आणि आता एआयकडून मजकूर लिहून घेतलेलेही विचारतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावण्यापेक्षा एकदा लिहूनच काढलंय, फाइल पाठवायच्या आधी वाचा, दोघांचाही वेळ वाचेल.

ह्यूमन म्हणजे माणसाचं आणि ह्यूमेन म्हणजे माणुसकीचं हे तुम्हाला माहीतच आहे. पण हे दोन मुळात एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं, अर्थांची वाटणी पक्की झाली ती अठराव्या शतकात. क्रियापदाची मात्र वाटणी झालीच नाही, ते दोघांना मिळून एकच राहिलं. त्यामुळे ह्यूमनाइझ म्हणजे माणसासारखं करणं आणि माणुसकीचं करणं, दोन्ही. मराठीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. (स्पेलिंग झेडने की एसने हे पण बरेच जण विचारतात. अमेरिकेत झेड, ब्रिटनमध्ये बहुतेक एस, दोन्ही बरोबर, फक्त एका फाइलमध्ये एकच ठेवा.)

मग अर्थ ठरवायचा कसा, तर काय ह्यूमनाइझ करायचंय ते बघायचं. तुरुंग असेल तर तिथे माणुसकी आणायचीय. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाच्या काळात १९३९ मध्ये सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत, भोवती भिंत नाही, कैदी बायकामुलांसोबत राहून शेती करतात. अशा ठिकाणाबद्दल ह्यूमनाइझ आलं की आम्ही ‘कैद्यांना माणसासारखं वागवणं’ असं लिहितो. एका फाइलमध्ये ग्राहकाने स्वतःच ॲपवरून शब्द काढून ‘कैद्यांना माणसाळवणे’ असं लिहून पाठवलं होतं. माणसाळतं ते रानातलं जनावर हो! चांगुलपणाने केलेल्या कामाच्या अहवालात आपण त्याच माणसांचा अपमान छापणार होतो. आम्ही तो बदलला आणि त्याचे जादा पैसे लावले नाहीत.

गोष्टीत ढग बोलत असेल, एसटी रुसली असेल, तर ते मानवीकरण, शाळेत आपण चेतनगुणोक्ती शिकलो तेच. ड्रम मशीनच्या सॉफ्टवेअरमधलं ह्यूमनाइझ बटण म्हणजे ठेके मुद्दाम किंचित मागेपुढे करणं, म्हणजे हाताने वाजवल्यासारखं वाटतं. तिथे मराठी शब्द शोधत बसू नका, बटणाचं नाव तसंच राहू दे.

औषधांचं मात्र नीट वाचा, कारण तिथे चूक पेशंटपर्यंत जाते. अँटीबॉडी म्हणजे शरीरात रोगाशी लढणारं प्रथिन. ह्यूमनाइझ्ड अँटीबॉडी म्हणजे मूळ उंदराची अँटीबॉडी, जिचा बहुतेक भाग माणसाच्या अँटीबॉडीसारखा करून घेतलाय, फक्त चिकटणाऱ्या टोकाचे तुकडे उंदराचे ठेवलेत, म्हणजे शरीर तिला परकी समजण्याचा धोका कमी होतो. ब्रेस्ट कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालेलं, या प्रकारातलं. अशा जुन्या नावांच्या शेवटी ‘झुमॅब’ असतं, आणि पूर्ण मानवी असेल तर नुसतं ‘उमॅब’, जसं अ‍ॅडॅलिमुमॅब. नवीन नावांत २०१७ पासून हा फरक ठेवत नाहीत, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. ट्रायलच्या संमतीपत्रात आम्ही ‘मानवीकृत’ लिहून लगेच पुढे सोप्या मराठीत खुलासा देतो, कारण नुसता शब्द वाचून हे माणसाच्या रक्तातून काढलंय का अशी शंका येते. ‘मजकूर लांबला’ अशी तक्रार येते, पण हा खुलासा आम्ही काढत नाही. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळलंच पाहिजे.

आता ती एक चूक जिच्यात आमचे सगळ्यात जास्त दिवस जातात. आम्ही फाइल दिली की तुमच्याकडे कोणीतरी म्हणतं, इथे एक शब्द, तिथे दुसरा, असं कसं, आणि फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे ‘मानवीकरण’ टाकून मोकळं होतं. मराठीत शब्द विभक्तीला बदलतो हो! ‘माणुसकीच्या वागणुकीसाठी’चं होतं ‘मानवीकरणच्या वागणुकीसाठी’. एका हॉस्पिटलच्या पुस्तिकेत असं झालं, आयसीयूत नातेवाइकांना भेटू देण्याचा इतका चांगला उपक्रम आणि पानोपानी ‘आयसीयूचे मानवीकरण’. छापून झाल्यावर आमच्याकडे आली, ओळ न ओळ पुन्हा लावली, चार दिवस गेले आणि कागद गेला तो वेगळाच. वेगवेगळे शब्द आम्ही विचार करूनच घातलेले असतात. पटलं नाही तर कॉमेंट टाका, फोन करा, आम्ही कारण सांगू, नाही पटलं तर बदलू, पण बदल आमच्याकडूनच करून घ्या. डिलिव्हरीनंतर पंधरा दिवस असे बदल आम्ही फुकट करतो.

एआयच्या मजकुराबद्दल. ‘फक्त ह्यूमनाइझ करून द्या, वाचायलाच तर हवंय’ असं म्हणून भाषांतराच्या निम्म्या रेटची अपेक्षा असते. चार शब्द बदलून तो मजकूर माणसाचा होत नाही. आम्ही तुमच्याशी वीस मिनिटं बोलतो, तुमचं दुकान कधीपासूनचं, गिऱ्हाईक काय विचारतं, हे लिहून घेतो आणि मग नव्याने लिहितो, म्हणून रेट लेखनाचा लागतो. कॉलेजचे प्रबंध आणि असाइनमेंट मात्र या कामासाठी घेत नाही, कृपया आग्रह करू नका.

पाठवताना एक्सेलमधली सुटी ओळ नको, अख्खं पान पाठवा, ह्यूमनाइझ जिथे आलंय तिथे पिवळं करा, आणि वाचणारा कोण, पेशंट, डॉक्टर की देणगीदार, एवढं ईमेलमध्ये लिहा. पहिलं पान आम्ही नमुना म्हणून फुकट करून देतो, बाकीचं ते बघून ठरवा.