हसा म्हटलं की हसू का पळतं?

आत्याच्या एकसष्टीला आम्ही अठराजण जिन्यावर दाटीवाटीने उभे होतो. फोटोग्राफर ओरडला, "स्माईल!" सगळ्यांचे दात दिसले, हसू एकाच्याही चेहऱ्यावर नाही. थोरल्या काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. "हसा" म्हटलं की त्यांच्या ओठाचा डावा कोपरा वर जातो, उजवा लोंबतच राहतो. म्हणून ते तोंड मिटून उभे. तेवढ्यात आत्याचा चार वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, फोटोवाल्या काकांची चेन उघडीये!" थोरले काका खदखदून हसले, आणि दोन्ही कोपरे सारखे वर गेले!

हा चमत्कार नव्हे, मेंदूतलं वायरिंग आहे. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला हालचालीसाठी एकच मुख्य नस, डॉक्टरांच्या भाषेत सातवी नर्व्ह. पण तिला हुकूम सोडणारे दोघे. सांगून केलेलं हसू मोटर कॉर्टेक्समधून निघतं, हात वर करण्याचा हुकूम निघतो तिथूनच. आपसूक फुटलेलं हसू मेंदूच्या आत, भावनांशी जोडलेल्या भागांतून निघतं आणि मोटर कॉर्टेक्सला वळसा घालून मेंदूच्या देठात त्याच नसेच्या उगमाशी पोचतं. काकांची पहिली वाट डाव्या बाजूला तुटली (डावा मेंदू उजवा ओठ हलवतो), दुसरी शाबूत राहिली. याच्या उलटेही रुग्ण असतात: सांगितलं की सरळ हसतात, विनोद ऐकला की एकाच बाजूने.

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी 1862 साली एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या तारा लावून एकेक स्नायू हलवला आणि फोटो छापले. त्या माणसाच्या चेहऱ्याला संवेदना फारशी नव्हती, म्हणून त्याने ते सोसलं. गालातला झायगोमॅटिक मेजर आपलं ऐकतो, डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय मात्र मनापासूनच्या आनंदानेच आकसतो, असा द्युशेन यांचा निष्कर्ष. डार्विनने 1872 च्या पुस्तकात यातलेच काही फोटो वापरले. पुढे कळलं की बऱ्याच जणांना डोळेही ठरवून आकसता येतात. तेव्हा 'खोटं हसू पाच सेकंदांत ओळखा' छाप व्हिडिओ पाहून जावयाची परीक्षा घेऊ नका.

'चीज' म्हणायला लावण्यामागे 'ई'चा उच्चार आहे. ओठ ताणले जातात, पण हुकूम पहिल्याच वाटेने जातो. डोळ्यांपर्यंत काही पोचत नाही.

मिटलेल्या डोळ्यांचं गणित वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या दोघांना त्यासाठी 2006 चं इग नोबेल (गमतीदार संशोधनाला मिळणारं बक्षीस) मिळालं: वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तितके फोटो काढा, म्हणजे बहुधा एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात. आमच्यासाठी सहा. फोटोग्राफरने दोनच काढले, कारण काकूने मध्येच "तिघांचा फोटो काढू नये, मधला जातो" म्हणत पुढच्या पायरीवरच्या तिघी बहिणींत चौथीला घुसवण्यात दहा मिनिटं घालवली. तिघी ठणठणीत आहेत, त्या वेळी मध्ये होती तीसुद्धा.

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे. यंदाच्या फोटोग्राफरला "हसा" म्हणायची बंदी केलीये. नातवाला पहिल्या रांगेत जागा राखून ठेवलीये.