माड : आधी यादीबाहेर, मग राज्यवृक्ष

गोव्यात परसात माड नाही असं घर विरळाच. तरी बरीच वर्षं राज्यवृक्षाचा मान होता माट्टीकडे, म्हणजे घाटावर ज्याला ऐन म्हणतात त्या झाडाकडे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधतात, तिच्यात नारळ-सुपारीच्या जोडीने माट्टीची पंखवाली फळंही टांगतात. एरवी पणजीतल्या माणसाला हे झाड दाखवायला सांगा, पंचाईत होईल.

राज्यचिन्हं ठरवायला वेगळा कायदा लागत नाही. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की झालं. म्हणूनच त्यांच्यामागे निसर्गापेक्षा त्या-त्या वेळचं राजकारणच जास्त दिसतं. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतला, त्या दिवशी संत कॅथरिनचा सण होता. तिचं चक्र पुढे गोव्याच्या राजचिन्हात गेलं. आजच्या राजमुद्रेत त्याच्या जागी वृक्षदीप आहे.

माडाला मान मिळाला तो त्याच्यावर घाला आल्यामुळे. जानेवारी २०१६ मध्ये लक्ष्मीकांत पार्सेकर सरकारने १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि ‘झाडा’च्या व्याख्येतून माड वगळला. म्हातारा, रोगट माड तोडायला शेतकऱ्याने परवानगीसाठी हेलपाटे का घालायचे, असा सवाल होता. माडाला फांद्या नसतात, असा शास्त्रार्थही झाला! लोकांनी मात्र त्यात बागायतींवरचा डोळा ओळखला आणि रान उठलं. २०१७ च्या निवडणुकीत गोवा फॉरवर्ड हा नवा पक्ष उतरला तोच नारळ हे चिन्ह घेऊन. निकालानंतर तो मनोहर पर्रीकरांच्या आघाडीत गेला, त्याचे नेते विजय सरदेसाई कृषिमंत्री झाले आणि त्याच वर्षी माड राज्यवृक्ष ठरला. वगळणारं सरकार भाजपचं, मान देणारंही भाजपच्याच नेतृत्वाखालचं. पण नुसत्या मानाने कुऱ्हाड थांबत नाही. त्यासाठी कायदा पुन्हा दुरुस्त करून माडाला व्याख्येत परत घ्यावं लागलं.

२०१६ मध्येच खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) सापडणारा शेवटो राज्यमासा झाला. त्यावर कोणी भांडलं नाही. गव्याचं तसं नाही. तो राज्यप्राणी, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत तत्कालीन कृषिमंत्र्यांनी पिकांची नासधूस करणाऱ्या उपद्रवी प्राण्यांची नावं सांगितली, तेव्हा माकड, रानडुक्कर आणि मोराच्या पंगतीत गवाही होता.