आधी विचारायचं, मग पाठवायचं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या मशीन-शॉपमध्ये मध्यंतरी एक त्रांगडं पाहिलं. कन्व्हेअरवरून मशीन झालेले पीस सरकतात, वर कॅमेरा. फोटो सिमकार्डच्या राउटरवरून सर्व्हरला जातो, तिकडून ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ येतं. रिजेक्ट आलं की हवेवर चालणारा छोटा सिलिंडर पीसला बाजूच्या बिनमध्ये ढकलतो. पण अधूनमधून सिलिंडर उशिरा सुटायचा, खराब पीस पुढे निघून जायचा आणि त्याच्या मागचा चांगला पीस बिनमध्ये पडायचा. मालकांनी मला स्पीड टेस्ट दाखवली. आकडा झकास होता. ऑपरेटर मात्र वैतागलेला. म्हणाला, “साहेब, उशीर रोज एकसारखा असता तर सिलिंडर चार बोटं पुढे सरकवून मोकळा झालो असतो. हा कधी होतो, कधी होत नाही.”

दुखणं त्यानेच नेमकं पकडलं होतं. टॉवर एक किलोमीटरवर असला तरी रेडिओलहर तिथे तीन-साडेतीन मायक्रोसेकंदांत पोचते, म्हणजे अंतराचा इथे संबंध नाही. वेळ जातो तो परवानगीत. टॉवरकडून फोनकडे (किंवा राउटरकडे) येणाऱ्या डेटाची, म्हणजे डाउनलिंकची रांग टॉवरपाशीच असते. कोणाला काय द्यायचं ते त्याच्या डोळ्यांसमोर असतं. उलट दिशेची, म्हणजे अपलिंकची रांग प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि टॉवरला ती दिसत नाही. त्यामुळे फोनला आधी विचारावं लागतं. कोणी, कधी आणि किती वेळा विचारायचं, याभोवतीच गेली पन्नास वर्षं सगळी खटपट चालू आहे.

सुरुवात न विचारता झाली. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरची टर्मिनल रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या अलोहा जाळ्याचा नियम साधा होता: मनात आलं की पाठव, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठव. गर्दी नसेल तर याहून झटपट काही नाही. पण गणित मांडलं तर चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो. पुढे वेळेचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या सुरुवातीलाच पाठवायचं बंधन घातलं, तेव्हा तो ३७ टक्क्यांवर गेला. मोबाइल कंपन्यांना कोट्यवधी रुपयांच्या स्पेक्ट्रमची अशी नासाडी परवडणारी नव्हती. म्हणून जीएसएमने, म्हणजे २जीच्या तंत्राने, अलोहाची पद्धत फक्त दार ठोठावण्यापुरती ठेवली. आत घेतल्यावर फोनला स्वतःचा स्लॉट, म्हणजे वेळेचा राखीव तुकडा मिळतो. दार ठोठावणं ४जीतही तसंच आहे. एका सेलमध्ये (टॉवरच्या एका हद्दीत) त्यासाठी ६४ संकेत असतात, आणि दोघांनी एकाच वेळी तोच उचलला तर टक्कर. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ रेंज फुल दिसत असूनही माझा साधा मेसेज जात नव्हता. अशा गर्दीत सगळ्यात आधी तुंबतं ते हे दारच.

जीपीआरएसच्या, म्हणजे २जीवरच्या इंटरनेटच्या काळात पान उघडायला इतका वेळ का लागायचा, याचंही निम्मं उत्तर इथेच आहे. फोन क्षणभर गप्प बसला की त्याला दिलेली अपलिंकची वाट मोडली जायची आणि पुढच्या क्लिकला सगळं पहिल्यापासून सुरू. ३जीत पहिल्यांदा कोणी कधी पाठवायचं हा निर्णय टॉवरपासून दूर बसलेला कंट्रोलर घेत असे. एचएसयूपीए या ३जीच्या अपलिंक-सुधारणेने तो टॉवरमध्येच आणला आणि वेळेचा तुकडा २ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणला. माझ्या मते सगळ्यात शहाणा बदल हाच होता. त्याचं कौतुक मात्र फारसं झालं नाही.

४जीत तुकडा १ मिलिसेकंदाचा झाला. मग उशीर संपायला हवा होता. का संपला नाही, हे पिंपळगाव बसवंतला टोमॅटोची गाडी घेऊन गेलेल्याला लगेच कळेल. गेटवर हात दाखवा, थांबा, किती क्रेट आहेत ते सांगा, पुन्हा थांबा, मग आत. फोनला हात वर करायचीही मुभा ठरावीक वेळीच असते. समजा दर १० मिलिसेकंदांनी. म्हणजे सरासरी ५ मिलिसेकंद नुसतं वाट पाहण्यात गेले. विनंती पाठवायला १, टॉवरला ती समजून घ्यायला ३, परवानगी यायला १, फोनला ती वाचून डेटा बांधायला ३, डेटा जायला १ आणि टॉवरने तो उलगडायला ३. एकूण १७. त्यातले खऱ्या मालवाहतुकीचे शेवटचे ४. बाकीचे १३ कागदपत्रांचे! शिवाय पहिली परवानगी बहुधा जेमतेम ‘माझ्याकडे इतका माल आहे’ एवढं सांगण्यापुरती असते. खऱ्या मालासाठी दुसरी फेरी, म्हणजे आणखी सात-आठ मिलिसेकंद.

फोन कॉलसाठी यावर तोडगा आधीपासून होता. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येणार हे ठाऊक असतं, म्हणून तेवढ्या जागा आगाऊ राखून ठेवायच्या. बाकी डेटाला ही सवलत देण्यात एक विचित्र नियम आडवा येत होता: राखीव जागा मिळाली की फोनने काहीतरी पाठवलंच पाहिजे, माल नसेल तर नुसतं पॅडिंग, म्हणजे पोकळ भरताड. गाडी रिकामी असली तरी काट्यावर चढवायचीच. त्यात बॅटरी जाते आणि शेजारच्या सेलला गोंगाट होतो तो वेगळाच. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या रिलीज १४ ने, म्हणजे मानकांच्या चौदाव्या आवृत्तीने, ही सक्ती काढली आणि राखीव जागा दर मिलिसेकंदाला देता येऊ लागली. रिलीज १५ ने ४जीचा तुकडा अवघ्या दोन सिम्बॉलपर्यंत छोटा केला. सिम्बॉल म्हणजे सिग्नलचा सगळ्यात छोटा तुकडा. एका मिलिसेकंदात असे १४ सिम्बॉल असतात.

५जीने हीच लवचिकता पायापासून बांधून घेतली. स्लॉट १, ०.५, ०.२५ किंवा ०.१२५ मिलिसेकंदाचा, आणि स्लॉटच्या मध्येच सुरू होणारा मिनी-स्लॉट. कॉन्फिगर्ड ग्रँट म्हणजे एकदा परवानगी देऊन ठेवायची. माल आला की फोन न विचारता पाठवतो. एकच जागा अनेकांना वाटून दिली तर टक्करही होऊ शकते. म्हणजे घूम फिरके अलोहा, फक्त टॉवरने आखून दिलेल्या चौकटीत. २०२० च्या रिलीज १६ मध्ये आणखी एक हत्यार आलं. तातडीचं पॅकेट आलं तर दुसऱ्या फोनला आधी दिलेली अपलिंकची परवानगी टॉवर ऐन वेळी रद्द करतो. सायरन वाजवून रस्ता मोकळा करणाऱ्या ॲम्ब्युलन्ससारखं. हे सगळं ज्या उद्दिष्टासाठी चाललं होतं ते असं: ३२ बाइटचं पॅकेट, १ मिलिसेकंद, आणि लाखात ९९,९९९ वेळा खात्रीने.

मग अंबडमध्ये सिलिंडर का चुकत होता? आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं. त्यातल्या मधल्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाणं आणि येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. लोक अपलोड कमी करतात आणि व्हिडिओ जास्त पाहतात, त्यामुळे बहुतेक स्लॉट डाउनलिंकला जातात. समजा अर्ध्या मिलिसेकंदाच्या पाच स्लॉटमध्ये अपलिंकचा एकच. परवानगी खिशात असली तरी गेट उघडेपर्यंत दोन मिलिसेकंदही थांबावं लागेल, आणि विचारून जायचं असेल तर अशी दोन-तीन चक्रं. त्यात शॉपच्या राउटरला कॉन्फिगर्ड ग्रँट कोण देतंय? तो टॉवरच्या लेखी रील पाहणाऱ्या फोनसारखाच एक ग्राहक. टॉवरवर गर्दी वाढली की ग्रँट, म्हणजे परवानगी, लांबते. कधी होणारा, कधी न होणारा उशीर तो हाच. बरं, एकाच टॉवरने स्लॉटची वाटणी मनासारखी बदलावी तर शेजारच्या टॉवरची जोरदार डाउनलिंक याच्या नाजूक अपलिंकला गिळून टाकते, म्हणून सगळ्यांना एकाच तालात चालावं लागतं.

चार भिंतींच्या आत स्वतःचं खासगी ५जी असेल तर हा ताल थोडा वेगळा धरता येतो. अशा नेटवर्कसाठी दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पंचवीस-तीस माणसांच्या शॉपला ते झेपणारं नाही. त्यांनी कॅमेऱ्याशेजारी एक छोटा कॉम्प्युटर बसवला. फोटो आता शॉपच्या बाहेर जात नाही, आणि सिलिंडर ऑपरेटरने म्हटल्याप्रमाणे चार नाही, दोन बोटं पुढे सरकवला आहे.