'जी'ची किंमत : १९९८ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

गुरुत्वाकर्षणाचं सूत्र शाळेतच पाठ होतं, ते इथे पुन्हा मांडत नाही. घोळ आहे तो त्यातल्या 'जी' या स्थिरांकाच्या किमतीचा.

भौतिक स्थिरांकांच्या किमती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८६ साली शिफारस केलेली 'जी'ची किंमत होती ६.६७२५९ (एसआय एककात, गुणिले दहाचा उणे अकरावा घात). अनिश्चितता दशलक्षात १२८ भाग. नव्वदच्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने ६.७१५४ हा आकडा जाहीर केला. म्हणजे ०.६ टक्के जास्त, आणि दावा दशलक्षात ८३ भागांच्या अचूकतेचा! 'जी' मोजायची नेहमीची रीत म्हणजे तारेला आडवी दांडी टांगायची आणि जवळच्या जड गोळ्यांच्या ओढीने तार किती पिळते किंवा दांडीचा दोलनकाल किती बदलतो ते पाहायचं. जर्मन प्रयोगात दांडी तारेला टांगलेली नव्हती, पाऱ्यावर तरंगत होती, आणि गोळ्यांची ओढ विद्युत बलाने तोलली जात होती. त्यामुळे तारेच्या पिळातली चूक असणार, असं म्हणून हा आकडा बाजूला सारता येईना. उलट तारच पूर्ण लवचीक नसल्याने दोलनकालावरून काढलेली 'जी' फुगते, हे त्याच सुमारास एका जपानी संशोधकाने दाखवलं होतं.

समितीने १९९८ च्या शिफारशीत किंमत ६.६७३ वर जवळपास तशीच ठेवली, पण अनिश्चितता बारा पटींनी वाढवून दशलक्षात १५०० केली. बाकीचे स्थिरांक दर फेरीत अधिक नेमके होत असताना हा एकटा मागे गेला. काहींना हा प्रामाणिकपणा वाटला. मला तो निम्माच वाटतो, कारण इतकी सैल केलेली मर्यादाही जर्मन आकड्यापर्यंत पोहोचत नव्हती. तो नाकारलाही नाही, सामावलाही नाही. जर्मन आकड्यातला दोष विद्युत मापनात असल्याचं पुढे त्याच संस्थेच्या लोकांनी शोधलं आणि २००२ च्या शिफारशीत अनिश्चितता १५० वर आली.

'जी'च्या मोजमापाची मुळं १७९८ च्या इंग्लंडमधल्या प्रयोगात सांगतात. शिशाचे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन गोळे, वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून बंद खोली आणि बाहेरून दुर्बिणीतून वाचन. पण शोधायची होती पृथ्वीची घनता (उत्तर आलं पाण्याच्या ५.४८ पट), 'जी' त्या निबंधात कुठेच नाही. ते अक्षर रुळलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

आजची शिफारस ६.६७४३०, अनिश्चितता दशलक्षात २२. २०१८ मध्ये चीनमधल्या एकाच गटाने दोन पद्धतींनी मोजमाप केलं. प्रत्येकाची अनिश्चितता दशलक्षात १२ च्या आत, पण दोन्ही उत्तरांत ४५ भागांचा फरक.