जर्मन प्रवाससंस्कृती : वर्गातील सादरीकरणासाठी पार्श्वभूमी

जर्मन प्रवाससंस्कृतीवर सादरीकरण करायचे म्हटले की स्पेनच्या मायोर्का बेटाचे समुद्रकिनारे आणि गाडीमागे जोडलेली फिरती घरे चटकन आठवतात. मात्र या आवडीची मुळे सुट्टीत नसून शिक्षणात आहेत, आणि माझ्या मते सादरीकरणाची सुरुवातही तिथूनच व्हावी. सुतार, गवंडी असे कारागीर उमेदवारी संपली की गावोगाव काम करत हिंडत. काळे मखमली कपडे आणि रुंद काठाची टोपी घालून आजही काही तरुण या भटकंतीला निघतात, आणि तीन वर्षे एक दिवस पुरा होईपर्यंत त्यांना घरापासून 50 किलोमीटरच्या आत फिरकता येत नाही. सुशिक्षितांपुढे 1786 मध्ये इटलीला गेलेल्या कवी गटेचा आदर्श होता, तर कार्ल बेडेकरने 1827 मध्ये कोब्लेन्झला प्रकाशनसंस्था काढून पुढे अशी मार्गदर्शक पुस्तके दिली, की मध्यमवर्गीय प्रवाशाला वाटाड्यावर विसंबून राहावे लागू नये.

या परंपरेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग एका शाळामास्तराचा आहे. आल्टेना येथील शिक्षक रिचर्ड शिरमान मुलांना घेऊन अनेक दिवसांच्या पायी सहलीला निघाले असताना 26 ऑगस्ट 1909 रोजी ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळात सापडले आणि सर्वांनी ती रात्र गावातल्या शाळेत गवतावर काढली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळांमध्ये पायी हिंडणाऱ्या मुलांची सोय का करू नये, हा विचार त्यांच्या मनात त्याच रात्री आला, आणि त्यातूनच पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात युवा वसतिगृह उभे राहिले. आज जगभर दिसणाऱ्या युथ हॉस्टेलांचा उगम तो हाच.

नाझी राजवटीने 1933 नंतर सहलींनाही प्रचाराचे साधन बनवले, हा भाग सादरीकरणातून वगळू नये. र्‍यूगेन बेटावर प्रोरा येथे सुट्टीवर येणाऱ्या 20,000 लोकांसाठी बांधायला घेतलेली साडेचार किलोमीटर लांबीची इमारतींची रांग युद्धामुळे अपुरीच राहिली.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीतील कुटुंबे छोट्या मोटारींतून ब्रेनर खिंड ओलांडून इटलीला जाऊ लागली, आणि 1963 च्या कायद्याने देशभरातील कामगारांना भरपगारी रजेचा किमान हक्क दिला. पूर्व जर्मनीतील नागरिकांना मात्र पश्चिमेकडे मोकळेपणाने जाता येत नसे. बर्लिनच्या भिंतीमुळे ताटातूट झालेले नातलग हंगेरीतील बालाटोन सरोवराकाठी सुट्टीच्या निमित्ताने भेटत. 1989 च्या उन्हाळ्यात त्याच हंगेरीमार्गे हजारो लोक पश्चिमेकडे निघून गेले, आणि 9 नोव्हेंबरला पूर्व बर्लिनमधील पत्रकार परिषदेत तिथल्या सत्ताधारी पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की यांनी जे वाचून दाखवले, ते परदेश प्रवासाचे नवे नियम होते. ते केव्हापासून लागू, या प्रश्नावर त्यांनी ‘ताबडतोब’ असे उत्तर देताच लोकांनी सीमेवरच्या नाक्यांवर गर्दी केली आणि त्याच रात्री ते उघडावे लागले.