अशिलाला सांगायच्या सेवा: कॅनडातील एका कर्तव्याची पार्श्वभूमी

कॅनडात १९६८ पर्यंत देशभर लागू होईल असा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. क्वेबेक आणि न्यूफाउंडलंडमधल्या जोडप्यांना तर विवाह मोडण्यासाठी थेट संसदेकडे जावे लागे. १९६८च्या कायद्याने हे थांबवले आणि वकिलांवर एक नवी जबाबदारी टाकली. समेटाची शक्यता अशिलाशी बोलायची, आपल्याला ठाऊक असलेल्या विवाह समुपदेशनाच्या सोयी सांगायच्या आणि हे कर्तव्य पाळल्याचे लेखी प्रमाणितही करायचे.

१९८६ मध्ये अमलात आलेल्या पुढच्या कायद्याने त्यात मध्यस्थीची भर घातली. मोठा बदल झाला तो १ मार्च २०२१ रोजी. तेव्हापासून विभक्त होताना उपयोगी पडणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा सर्वच कौटुंबिक न्यायसेवा यात येतात: मध्यस्थी, पालकांसाठीचे वर्ग, माहिती केंद्रे, मुलांच्या निर्वाहखर्चाची फेरआकारणी. वाद मिटवायलाच नव्हे, तर न्यायालयाचा आदेश पाळायला मदत करणाऱ्या सेवाही सांगाव्या लागतात.

खरी अडचण राज्यघटनेतल्या विभागणीत आहे. घटस्फोट हा केंद्राचा विषय, पण न्यायदानाचा कारभार प्रांतांचा. त्यामुळे प्रत्येक प्रांताची घडी निराळी. क्वेबेकमध्ये मुले असलेल्या जोडप्यांना १९९७ पासून मध्यस्थीचे काही तास मोफत मिळतात, ऑन्टॅरिओत माहितीसत्राला हजेरी लावावी लागते, तर ब्रिटिश कोलंबियात कौटुंबिक न्याय समुपदेशक आहेत. नवरा एका प्रांतात आणि बायको दुसऱ्यात असेल, तर वकिलाला दोन्हीकडची माहिती हवी.

ती मिळवण्याचे मार्ग आहेत. केंद्रीय न्याय विभाग सरकारी सेवांची सूची ठेवतो. ब्रिटिश कोलंबियाने २००९ पासून वकिलांना दरवर्षी १२ तासांचे व्यावसायिक शिक्षण सक्तीचे केले, पुढे ऑन्टॅरिओतही तसाच नियम आला. खासगी आणि स्वयंसेवी सेवांचा पत्ता मात्र बहुधा सहकारी वकील आणि मध्यस्थांशी बोलूनच लागतो.

कायदा ‘वकिलाला माहीत असलेल्या’ सेवांपाशीच थांबतो, ही मला त्यातली मोठी उणीव वाटते. ज्याची माहिती तोकडी, त्याच्या अशिलाची वाटही तोकडी. शिवाय नुसते नाव माहीत असून भागत नाही. घरात मारहाण झालेल्या बाईला मध्यस्थीकडे पाठवण्याआधी, तिथे हिंसाचाराची चौकशी आधी होते का आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवतात का, हे वकिलाने स्वतः विचारून घेतलेले असले पाहिजे.