गृहबांधकाम विकसन : व्यावसायिक प्रशिक्षण (महाराष्ट्र)

निवासी इमारतींसाठी जमीन मिळवणे, तिचा हक्क तपासणे, नकाशे मंजूर करून घेणे, पैसा उभा करणे, बांधणे, विकणे आणि शेवटी इमारत रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देणे, या कामांचे शिक्षण. बोलीत या सगळ्याला ‘बिल्डर लाइन’ म्हणतात. कायद्यात ‘प्रवर्तक’, मंजुरीच्या कागदांत ‘विकासक’ आणि जाहिरातीत ‘डेव्हलपर’ असे तीन शब्द बहुधा एकाच माणसासाठी चालतात. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, कंपनी कायद्याखाली मूल्यांकन करणाऱ्याला २०१७ च्या नियमांनुसार ५० तासांचे शिक्षण व परीक्षा लागते, सदनिका विकणाऱ्या दलालालाही २०२३ पासून परीक्षा आहे. प्रवर्तकाला मात्र स्थावर संपदा कायद्याने (‘रेरा’) शिक्षणाची कोणतीही अट घातलेली नाही. त्यामुळे या क्षेत्रातले प्रशिक्षण मध्यावर न रुजता कडेकडेने वाढले.

उगमाविषयी एकमत नाही. एक मत अभियांत्रिकी शाळांकडे बोट दाखवते. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला आणि त्यातून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ ची. सर ज. जी. कलाशाळेतील वास्तुकलेचा आरेखनवर्ग सामान्यतः १८९६ चा मानतात. त्याला पूर्ण अभ्यासक्रमाचे रूप १९१३ च्या सुमारास आले असावे. या संस्थांनी बांधणारे घडवले यात शंका नाही. पण जमीन, भांडवल आणि खरेदीदार यांची सांगड घालणे हा त्यांचा विषय नव्हता. दुसरे मत सहकारी गृहनिर्माणाकडे जाते. रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तिला देशातील, काहींच्या मते आशियातील, पहिली म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि बंगळूरच्या संस्थेसाठी १९०९ हे साल दिले जाते आणि नोंदणीच्या तारखेवरून पाहता तो दावा सहज बाजूला सारता येत नाही. गावदेवीची संस्था सहभागीदारी-भाडेकरू पद्धतीची होती, म्हणजे इमारतीची मालकी संस्थेची आणि सभासद तिचे भागधारक व भाडेकरूही. जमीन, कर्ज, कंत्राट व देखभाल ही चारही अंगे तेथे एकाच कार्यकारी समितीला एकत्र हाताळावी लागली. प्रशिक्षणाचा धागा याच अनुभवाशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण पहिली संस्था कोणती हा वाद मिटला नाही तरी हे काम शिकण्याची गरज तेथे प्रथम उघड झाली.

१९४७ च्या भाडे नियंत्रणानंतर भाड्यासाठी चाळी बांधणे परवडेनासे झाले आणि मालकी तत्त्वावरच्या सदनिकांचा व्यापार वाढला. त्यातील गैरव्यवहारांमुळे महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम १९६३ मध्ये आला. आगाऊ रक्कम घेण्याआधी कोणता करार करून नोंदवायचा, संस्था केव्हा स्थापायची, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे, केव्हा करून द्यायचे हे त्यात लिहिले गेले आणि धंद्याला प्रथमच पाठ करण्याजोगा मजकूर मिळाला. वर्ग मात्र भरले नाहीत. शिक्षण घरातच होई. मुलाला आधी साइटवर बसवायचे, सिमेंटच्या गोदामाची किल्ली द्यायची, सळईच्या गाडीची वजनपावती तपासायला लावायची, मग वकिलाकडे धाडायचे. तिथे तो सातबारा वाचायला शिके. नाव आणि क्षेत्र कोणालाही दिसते. खरे शिक्षण ‘इतर हक्क’ या रकान्याचे, जिथे कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा वारसाची नोंद दडलेली असते. भोगवटादार वर्ग २ असे दिसले की शासनाच्या परवानगीचा प्रश्न आलाच. त्यापुढे फेरफार मागे मागे लावत तीस वर्षांचा शोध घ्यायचा. आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही या भागाला फारसा पर्याय निघालेला नाही.

संस्थात्मक शिक्षणात बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘निकमार’ महत्त्वाची. तिच्या पुणे केंद्राला २०२२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचा मूळ भर बांधकाम व्यवस्थापनावर, म्हणजे वेळापत्रक, कंत्राटे व यंत्रसामग्री यांवर राहिला. हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्त महामंडळाची दिल्लीतील मानवी वसाहत व्यवस्थापन संस्था (१९८५) प्रामुख्याने सार्वजनिक यंत्रणांसाठी आहे.

अभ्यासक्रमांचा गाभा म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचा हिशेब. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यावर तो एका कोष्टकावर आला. पुण्यासारख्या महापालिकेत, दाट वस्तीबाहेर, १२ मीटर रस्त्यावरील १,००० चौ. मी. भूखंड घेतला तर मूळ चटई निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.१० प्रमाणे १,१०० चौ. मी., अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामासाठीचे शुल्क, भरून ०.५० प्रमाणे ५०० आणि विकास हक्क हस्तांतरणातून, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा बांधकाम हक्क (‘टीडीआर’) विकत आणून, ०.६५ प्रमाणे ६५० मिळतात, बेरीज २,२५०. यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत आनुषंगिक क्षेत्र अधिमूल्याने घेता येते, म्हणजे कमाल ३,६०० चौ. मी. गणित शाळकरी आहे, चूक होते ती पहिल्या आकड्यात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र, मोजणी नकाशाचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताबा हे तीन क्वचितच जुळतात. त्यांतले सर्वांत लहान धरायचे आणि रस्तारुंदीत जाणारी पट्टी वेगळी मांडायची, हे शिकवणारा बहुधा निवृत्त नगररचनाकार असतो. मुंबईला वेगळी नियमावली आहे. तिथे शहरात मूळ निर्देशांक १.३३, उपनगरांत १ आणि वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे अधिमूल्य भरून मिळणारे जादा क्षेत्र. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती ‘तेहतीस सात’ने आणि झोपडपट्टी ‘तेहतीस दहा’ने ओळखली जाते. नियमांचे क्रमांक इथे नावांसारखे वापरतात.

स्थावर संपदा अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायची आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवरच काढायची, या तरतुदीमुळे लेखाविभागाचे प्रशिक्षण अचानक निकडीचे झाले. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने, दलालांसाठी २० तासांचे प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले. परीक्षा आयबीपीएस ही बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था घेते आणि पहिली २० मे २०२३ रोजी झाली. प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात ग्राहकाशी बोलणाऱ्यांनाही प्रमाणपत्र लागते. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) कशाला म्हणतात, नमुना करारात काय बदलता येत नाही, असे प्रश्न त्यात येतात. मुदतीत प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २० हजार दलालांच्या नोंदण्या २०२४ मध्ये स्थगित झाल्या.

मजुरांचे शिक्षण अजूनही मुकादमाच्या हाताखाली होते: बिगारी, मग गवंड्याचा मदतनीस, मग गवंडी. पुण्यात बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने ‘कुशल’ या नावाने साइटवरच वर्ग घेण्याचा उपक्रम चालवला. सळई आणि सेंट्रिंगच्या फळीमध्ये कव्हर ब्लॉक ठेवला नाही तर स्लॅबखालून सळई डोकावते आणि गंजते, हे तिथे फळीवर उभे राहूनच दाखवता येते. काँक्रीटचे १५ सेंमी.चे क्यूब भरून ७ व २८ दिवसांनी फोडण्याची चाचणी मात्र साइट सुपरवायझरपर्यंतच पोचते.

पुनर्विकासामुळे शिकणाऱ्यांत रहिवासीही आले. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील २००९ च्या आणि नंतर ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी सभेची सूचना, वास्तुविशारदाची नेमणूक, निविदा आणि विकासकाची निवड यांचा क्रम ठरवला. याच कायद्याच्या कलम २४-अ ने सभासद, समिती व कर्मचारी यांचे शिक्षण संस्थेचे कर्तव्य मानले आहे. अशा वर्गात सर्वाधिक वेळ व्यवहार्यता अहवाल वाचण्यात जातो. समोर बसलेले बहुतेक निवृत्त असतात आणि पहिला प्रश्न जवळपास नेहमी कॉर्पसचा, म्हणजे विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीचा, दुसरा बांधकामाच्या काळातल्या भाड्याचा येतो.